सेस्ना १७२ एस: आडबाजूच्या धावपट्टीवरून उडायला कितपत भरवशाचं?

निकाल आधीच सांगून टाकतो. शिकायला, उड्डाणाचे तास भरायला, कराडसारख्या डांबरी पट्टीवरून दोन माणसं घेऊन उडायला १७२ एस उत्तम. पण चार माणसं, भरलेल्या टाक्या, एप्रिलची दुपार आणि समोर डोंगर एवढं एकत्र जमलं की हेच गरीब विमान माणसाला गोत्यात आणतं. आणि गोत्यात आणण्याआधी ते चाकं व्यवस्थित उचलून दाखवतं. चाकं सुटली म्हणजे आपण उडालो, असं वाटायला लावणं हीच याची मोठी खोट.

सातारा-सांगलीतून बारामतीला किंवा परदेशात सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) करायला जाणारी मुलं, परवाना मिळाल्यावर अमेरिकेत भाड्याने विमान घेऊन आयडाहोच्या डोंगरी पट्ट्या बघायची हौस असणारे, आणि कराड-कवलापूरच्या विमानतळांवर चहाच्या टपरीवर हिरिरीने बोलणारे आपले हौशी, अशा सगळ्यांना पुढचं उपयोगी पडेल.

आधी यंत्र. १९९८ पासून बनणारं हे मॉडेल. लायकमिंग आयओ-३६०-एल२ए इंजिन, मिनिटाला २७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती, ठरावीक कोनाचा प्रॉपेलर, उड्डाणाचं कमाल वजन २५५० पौंड म्हणजे ११५७ किलो. वापरता येणारं इंधन ५३ गॅलन, साधारण २०० लिटर. मूळ १७२ पहिल्यांदा उडालं ते १९५५ मध्ये; कराडची पट्टीही त्याच सुमाराला कोयना धरणाच्या कामासाठी बांधली गेली. तेव्हा दोघं एका वयाची, जोडी शोभते.

आता कराडचंच गणित करू. पट्टी सुमारे १२८० मीटर, म्हणजे ४२०० फूट. समुद्रसपाटीपासून उंची साधारण १९०० फूट. एप्रिलच्या दुपारी हवेचा दाब १००८ हेक्टोपास्कलच्या आसपास आला, तर प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे दाबावरून ठरणारी उंची, होते २०५० फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान ११ अंश, प्रत्यक्षात बाहेर ४०. फरक २९ अंशांचा, दर अंशाला १२० फूट, म्हणजे आणखी साडेतीन हजार. विमान उभं आहे कराडला, पण इंजिन, प्रॉपेलर आणि पंख यांना मिळणारी हवा साडेपाच हजार फुटांवरची. महाबळेश्वर ४४४० फुटांवर आहे. प्रमाण हवेतल्या महाबळेश्वरपेक्षाही हजार फूट वरची हवा कोयनेच्या काठी, खोऱ्यात.

विमानाच्या हँडबुकातला शॉर्ट फील्डचा, म्हणजे आखूड पट्टीवरून उडण्याचा, तक्ता उघडा. पूर्ण वजन, २००० फुटांची ओळ, ४० अंशांचा रकाना: जमिनीवरची धाव १३८० फूट, ५० फूट उंचीचा अडथळा पार करेपर्यंत २३५५ फूट. पट्टी ४२०० फुटांची. बहुतेक जण इथेच वही मिटतात आणि ब्रेक सोडतात.

तक्ता खोटा नाही. पण त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात अटी आहेत त्या वाचायच्या असतात. फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या, खाली झुकणाऱ्या झडपा) १० अंश. ब्रेक दाबून पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची पूर्ण ताकद, मग ब्रेक सोडायचा. पट्टी डांबरी, सपाट, कोरडी. वारा शून्य. ५१ नॉटला (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर) चाकं उचलायची आणि ५० फुटांवर वेग ५६ नॉट धरायचा. यातली एक जरी अट मोडली तरी २३५५ हा आकडा तुमचा राहत नाही. रोजच्या सरावात विद्यार्थी काय करतो? फ्लॅप शून्य, चालत चालत वळून थ्रॉटल, ५५ नॉटला नाक वर. ही वेगळी पद्धत आहे, तिला वेगळं अंतर लागतं. उड्डाण नेहमीच्या पद्धतीने करायचं आणि हिशेब शॉर्ट फील्डच्या तक्त्याचा धरायचा, ही चूक फार सर्रास होते.

तक्त्यात ज्या गोष्टींचा उल्लेखच नाही, त्या आणखी महत्त्वाच्या. पट्टीचा चढ नाही. ओलं गवत नाही. मऊ माती नाही. दमट हवा नाही. इंजिन किती जुनं आणि प्रॉपेलरची धार किती खाल्ली गेलेली, हेही नाही. हँडबुक देतं ते एवढंच: समोरचा वारा दर ९ नॉटला १० टक्के अंतर कमी करतो, पाठीमागचा वारा दर २ नॉटला १० टक्के वाढवतो, आणि कोरड्या गवतावर जमिनीवरच्या धावेच्या १५ टक्के जास्त धरा. वाऱ्याचे हे दोन आकडे पुन्हा वाचा. नऊ नॉट जेवढं देतात तेवढं दोन नॉट काढून घेतात. वाऱ्याचा हिशेब कधीच समसमान नसतो.

उरलेल्या गोष्टींसाठी ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाचे गुणक वापरावेत, ते हँडबुकापेक्षा कडक आणि वास्तवाला धरून आहेत. दोन टक्के चढाला १० टक्के. ओल्या गवताला ३० टक्के. मऊ जमिनीला २५ टक्के किंवा त्याहून जास्त. वजन १० टक्के वाढलं की अंतर २० टक्के. हे सगळे एकमेकांत मिळवायचे नसतात, एकापुढे एक गुणायचे असतात. आणि शेवटी येणाऱ्या उत्तराला सुरक्षिततेसाठी १.३३ ने गुणायचं, कारण तक्त्याचे आकडे नव्या विमानाचे आणि कारखान्याच्या चाचणी वैमानिकाच्या हातचे आहेत.

पुन्हा कराड. पलीकडच्या टोकापर्यंत टॅक्सी करत जायचा कंटाळा आला म्हणून पाठीमागचा ६ नॉट वारा घेतला असं समजा. २३५५ गुणिले १.३ म्हणजे ३०६२. त्याला १.३३ ने गुणा: ४०७२ फूट. पट्टी ४२००. सुरुवातीला निम्मी पट्टी शिल्लक दिसत होती. एका विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे, काणाडोळा केला आणि ती संपली.

डांबर सोडून मातीवर आलो की चित्र आणखी बिघडतं. सांगलीजवळची कवलापूरची जुनी पट्टी वापरात नाही, आणि परवानगीशिवाय तिथे उतरायचा प्रश्नच नाही. गणितापुरती एखादी कल्पित पट्टी घेऊ: १००० मीटर लांब, ओलं गवत, दोन टक्के चढ, सांगलीच्याच उंचीवर. २३५५ गुणिले १.३ गुणिले १.१, उत्तर ३३६८ फूट. पट्टीची लांबी ३२८० फूट. सुरक्षिततेचा गुणक लावायच्या आधीच पट्टी अपुरी. आणि ही माती आपली काळी असेल तर पहिल्या पावसानंतर गुणकबिणक सगळं विसरा. चिखल चाकांवरच्या फायबरच्या आवरणात भरतो, घट्ट होतो आणि चाक ब्रेक लावल्यासारखं धरून ठेवतो. मातीच्या पट्टीवर जायचं तर ही आवरणं आधी काढून ठेवावीत, आणि ती काढल्याची नोंद वजनाच्या हिशेबात करावी.

१७२ ची चाकंही खडबडीत जागेसाठी नाहीत. पुढचं ५.००-५, मागची ६.००-६. पुढच्या चाकाचा दांडा जिथे बसवलेला असतो तो फायरवॉल (इंजिनामागचा पत्रा) खड्ड्यांच्या माराने सुरकुततो, आणि ती दुरुस्ती खर्चिक असते. मुरमाच्या पट्टीवर उभं राहून पूर्ण थ्रॉटल दिला तर प्रॉपेलर खडे ओढून घेतो आणि त्याच्या कडेला खाचा पडतात. म्हणून मुरमावर थोडं चालतं करून मगच थ्रॉटल हळूहळू पूर्ण द्यायचा. असं केलं की तक्त्यातली ब्रेकची अट मोडते, अंतर वाढतं. ते मान्य करून हिशेबात धरायचं.

वजनाबद्दल थोडं सविस्तर, कारण या विमानात सगळ्यात मोठी सुधारणा तिथेच फुकट मिळते. कंपनीच्या आकड्याने विमानात माल, माणसं आणि इंधन मिळून जवळजवळ ४०० किलो बसतात. २०० लिटर अॅव्हगॅसचं (विमानाच्या पेट्रोलचं) वजन १४४ किलो. उरले २५५. पंचाहत्तर किलोची चार माणसं ३०० किलो होतात, बॅगा वेगळ्या. म्हणजे खुर्च्या चार असल्या तरी भरल्या टाक्यांनी चौघं बसत नाहीत. प्रत्यक्षातलं जुनं विमान कागदापेक्षा जड असतं, त्यामुळे उरणारे किलो आणखी कमी.

आडबाजूच्या पट्टीवर इंधनाचा पंप नसतो. म्हणून लोक निघतानाच जाण्या-येण्याचं इंधन भरून घेतात, आणि तिथून परत उडताना टाक्या गरजेपेक्षा जड राहतात. अॅव्हगॅस १०० एलएल आता देशात बनतं, इंडियन ऑइलने ते २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून बाजारात आणलं. पण लहान पट्टीवर ते अजून बॅरलमधूनच येतं.

वजनाचा परिणाम तक्त्यातच बघा. त्याच २००० फुटांच्या ओळीत, त्याच ४० अंशांत वजन २५५० ऐवजी २२०० पौंड घेतलं, म्हणजे साधारण १६० किलो, दोन धडधाकट माणसं कमी केली, तर ५० फुटांपर्यंतचं अंतर २३५५ वरून सुमारे १६५० वर येतं. सातशे फूट वाचले. आता पूर्ण वजन तसंच ठेवून पहाटे २० अंशांत उडालो तर? २०३५. वाचले फक्त ३२०. पहाटे उठण्याचं कौतुक सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, दुपारचे झोतही टळतात. पण दोन माणसं उतरवणं हे पहाटे उठण्याच्या दुप्पट कामाचं आहे, आणि ते कोणी सांगत नाही. पाहुण्यांना नको म्हणायचं अवघड जातं, दुसरं काय.

आता मूळ खोटीकडे. जमिनीलगत पंखाच्या टोकाशी होणारे भोवरे दबतात आणि विमानाला मागे खेचणारी हवेची ओढ कमी होते. पंख त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतक्या उंचीवर असेल तर उचल निर्माण करताना होणारी ओढ सुमारे २३ टक्के घटते, दहाव्या हिश्शावर ४७ टक्के. १७२ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. जमिनीलगतच्या या सवलतीत विमान लवकर उचललं जातं, चाकं सुटतात, आत बसलेल्यांना हायसं वाटतं. दहा-अकरा मीटर वर गेलं की सवलत संपते आणि खरी ओढ समोर येते. उसाने खच्चून भरलेली ट्रॉली सपाटीवर पळते आणि घाटाच्या पहिल्या वळणाला दम टाकते, तसंच हे.

पूर्ण वजनाला, २००० फुटांवर, ४० अंशांत चढण्याचा वेग मिनिटाला सुमारे ५६० फूट. ऐकायला बरा वाटतो. पण ७४ नॉट दाखवत असताना त्या विरळ हवेत विमान प्रत्यक्षात ८० नॉटने पुढे जातं. म्हणजे एक किलोमीटर पुढे गेल्यावर मिळालेली उंची जेमतेम ७० मीटर. कराडच्या आसपास डोंगर पट्टीला चिकटून नाहीत, वळायला जागा आहे, म्हणून हे चालून जातं. आयडाहोतल्या दरीत समोरची झाडं ३० मीटर आणि त्यामागे उतार विमानापेक्षा जास्त तिरका असेल तर नाही चालत. सहा हजार फुटांवर, ३० अंशांत हाच वेग ४२० च्या आसपास येतो. डोंगराआडून खाली येणारा झोत मिनिटाला ५०० फुटांचा असला तर नाक वर आणि विमान खाली.

याचं जगजाहीर उदाहरण म्हणजे ३० जून २०१२ चा आयडाहोतल्या ब्रूस मेडोजचा अपघात. विमान स्टिन्सन १०८-३, आत चौघं, पट्टीची उंची ६३७० फूट. गवताची ती पट्टी ५००० फूट लांब आहे, कराडपेक्षा मोठी! विमान लांबलचक धावलं, उचललं, पण चढलं नाही आणि झाडांत गेलं. चौघंही वाचले, केबिनमधल्या कॅमेऱ्याने सगळं टिपलं. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने नोंदवलेलं कारण: अपुरी पूर्वतयारी, विरळ हवा, पाठीमागचा वारा आणि कमाल मर्यादेजवळचं वजन. तो अपघात १७२ चा नव्हता, पण १७२ चार माणसं घेऊन तिथे गेली तर तिच्याकडे वेगळं काही दाखवण्यासारखं नाही.

आपल्याकडच्यांना नेपाळमधलं लुकला जास्त माहीत असतं. पट्टी ५२७ मीटर, उतार जवळजवळ १२ टक्के, उतरायचं चढाकडे, उडायचं उताराकडे, वारा कुठलाही असो. ते दोन टर्बाइन इंजिनांच्या विमानांचं काम आहे. १७२ च्या परीक्षणात त्याचा विषय काढू नये.

उड्डाणाच्या वेळी नेमकं काय पाहायचं ते असं. पट्टी पायी चालून तिचा मध्य खुणावून ठेवा. पांढरी पोती चालतात. मध्यावर पोहोचेपर्यंत उचलण्याच्या वेगाच्या ७० टक्के, म्हणजे ५१ चे ३६ नॉट, दिसलेच पाहिजेत. नाही दिसले तर थ्रॉटल बंद, ब्रेक, फ्लॅप वर. विचार करत बसायचं नाही. हा नियम चांगला आहे, पण तो फसतो ते ठिकाण ओळखून ठेवा: पहिला अर्धा भाग उताराचा किंवा टणक आणि दुसरा चढाचा किंवा मऊ असेल तर मध्यावरचे ३६ नॉट खोटी आशा देतात. शिवाय हा नियम चाकं सुटण्यापुरताच आहे. समोरच्या झाडांबद्दल तो काही बोलत नाही.

थ्रॉटल पूर्ण दिल्यावर उभ्या विमानात फेरे २३०० ते २४०० यायला हवेत. २३०० च्या खाली असतील तर उड्डाण रद्द, कारण शोधा. मिक्श्चर (इंधन-हवेचं मिश्रण) पातळ करून सर्वाधिक फेरे मिळवायची सूचना हँडबुक ३००० फुटांवरच्या पट्ट्यांसाठी देतं. ही मर्यादा कागदावरच्या उंचीची न धरता हवेच्या घनतेची धरावी असं आमचं मत. एप्रिलच्या कराडला निदान प्रशिक्षकाशी हा विषय काढावा. फ्लॅप १० च. त्याहून जास्त फ्लॅप लावून उडायला या विमानाला मनाई आहे, आणि २० लावले तर लवकर सुटू हा कट्ट्यावरचा सल्ला ऐकायचा नाही.

मऊ पट्टीवर योक (विमानाचं सुकाणू) मागे धरून नाक हलकं ठेवायचं, विमान लवकर उचलू द्यायचं, आणि लगेच नाक थोडं खाली करून जमिनीपासून मीटर-दीड मीटरवर ६२ नॉट होईपर्यंत पळवायचं. मग चढायचं. चुकतं इथेच: समोर झाडं दिसतात, हात आपसूक योक ओढतो, वेग ५० च्या आसपास अडकतो, ओढ वाढते, १८० अश्वशक्ती पुरत नाही. तिथून बाहेर पडायचा मार्ग फक्त नाक खाली करणं, आणि खाली जागा नसते. वळून जाण्याचा प्रयत्न त्याहून वाईट. फ्लॅप वर असताना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणं, ४८ नॉटला. ४५ अंश कलून वळलं की तोच ५७ वर जातो. ५६ ने चढताना फ्लॅप वर असतील तर स्टॉल व्हायला तेवढं वळण पुरेसं आहे. अडथळा पार झाल्यावर फ्लॅप ६० नॉटच्या वर आणि हळू. एकदम वर केले तर विमान बसतं.

निघण्याआधीची दोन कामं या विमानात खास. एक, खुर्ची. जुन्या सेस्नांमध्ये रुळाची भोकं झिजतात, पिन नीट बसत नाही, आणि थ्रॉटल दिल्यावर वैमानिक खुर्चीसकट मागे सरकतो. हातात योक असतो, तोही मागे येतो, नाक आभाळाकडे. अमेरिकेत १९८७ मध्ये आणि नंतर २०११ मध्ये या रुळांच्या तपासणीचे सक्तीचे आदेश निघाले. बसल्यावर खुर्चीला पुढे-मागे जोरदार हिसका देऊन पाहायचा, ‘खट्’ असा आवाज आला एवढ्यावर समाधान मानायचं नाही. दोन, इंधनातलं पाणी. १७२ एस ला नमुना काढायच्या १३ जागा आहेत, प्रत्येक पंखाखाली ५ आणि पुढे पोटाखाली ३. कंटाळवाणं आहे, पण बॅरलमधून भरलं असेल तर तेराही तपासायच्या. १०० एलएल निळसर दिसतं. पेल्याच्या तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी.

पर्यायांत सेस्ना १५२ ला समुद्रसपाटीवर ५० फुटांपर्यंत १३४० फूट लागतात, १७२ एस ला १६३०. पण ११० अश्वशक्तीला उन्हाळा फार झोंबतो. १८२ टी: २३० अश्वशक्ती, कोन बदलणारा प्रॉपेलर, तितक्याच परिस्थितीत १५१४ फूट, आणि चढण्यात सरळ वरचढ, चौघांना डोंगरात न्यायचं तर हेच. १५० अश्वशक्तीचं सुपर कब तोच ५० फुटांचा अडथळा ५०० फुटांत पार करतं, पण आत दोघंच.

पंखांवर छोट्या पट्ट्या बसवून उचलण्याचा वेग कमी करणारे किट १७२ साठी मिळतात. पैसे घालण्याआधी लक्षात घ्या, ते चाकं लवकर सोडवतात, चढण्याची ताकद वाढवत नाहीत. म्हणजे या विमानाची जी खोट आहे ती तशीच राहते. चढाईसाठीचा कमी कोनाचा प्रॉपेलर जास्त उपयोगी, क्रूझचे, म्हणजे सपाट प्रवासातल्या वेगाचे, काही नॉट जातात तेवढे जाऊ द्यावेत. भाड्याच्या विमानात यातलं काहीच करता येत नाही. तिथे चौघं डोंगरी पट्टीवर पोहोचलेच असाल तर परतताना जवळच्या लांब पट्टीपर्यंत एकेका प्रवाशाला घेऊन तीन फेऱ्या करा, टाक्या निम्म्याहून कमी ठेवून, आणि पुढे लागेल तेवढंच इंधन तिथे भरा. इंजिनाचा तासभर जास्त लागतो. भाड्याचं बिल त्या हिशेबानेच मागा.